दारातली जागा

वनमालावहिनी गेल्या तो सोमवार होता. त्यांनी चुलीवर भाताचं आंधण ठेवलं आणि ओसरीवर येऊन बसल्या. मी बोडीवरून, गावच्या लहान तळ्यावरून, परत आलो तेव्हा आंधण आटलं होतं, आणि त्या भिंतीला टेकून होत्या.

त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. पवनीजवळच्या आमच्या गावात त्या, मी आणि धानाच्या थोड्या बांध्या, एवढाच संसार. मी वाचनालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. घरात बोलणं कमीच असे. अजून डोळे मिटले की त्या मला बोडीवरच्या धुक्यातून येताना दिसतात. आधी आवाज येतो, मग टोपलीतल्या ओल्या शिंगाड्यांचा वास, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

दिवाळीनंतर गावाबाहेर विटाभट्ट्या लागत आणि बस्तरकडची माणसं कामाला येत. तिकडच्या जंगलात वर्षानुवर्षं दोन्हीकडून बंदुका चालल्या. गावं उठली, माणसं वाट फुटेल तिकडे चालत सुटली. त्यांच्यातली एखादी पोटुशी बाई रस्त्यात दिसली की वहिनी तिला थांबवत. नाव नाही, गाव नाही, एकच प्रश्न: "काय खावासं वाटते वो माय?" कुणाला कच्ची चिंच हवी असे, कुणाला लाल मुंग्यांची चटणी. मग वहिनी काठी घेऊन आंब्याखाली मुंग्यांची घरटी शोधत फिरत. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "पयत आलेल्या माणसाले गाव काहून विचाराचं, भाऊजी? भूक विचारावं."

सुकमतीने मात्र काहीच मागितलं नाही. तिला आठवा सरत आला होता, पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. वहिनींनी तिला आणि तिच्या नवऱ्याला भट्टीवरच्या झोपडीतून आमच्या घरी आणलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी तपासून सांगितलं की बाळंतपण भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, नाही तर दोन्ही जिवांचं खरं नाही. कळा सुरू झाल्या त्या सकाळी गाडी आली. सुकमतीने दाराची चौकट धरली आणि ती जागची हलेना.

तिची हलबी बोली वहिनींना अर्धीमुर्धी कळे. अर्ध्या तासाने कुठे उलगडा झाला. तिच्या गावात बाळाची वार घराच्या दाराशी पुरतात. मग मूल कुठेही गेलं तरी त्याच दाराशी परत येतं. तिच्या पहिल्या मुलाची तशीच पुरली होती. ते घर जळालं, आणि मूल पळताना वाटेत तापाने गेलं. दवाखान्यात वार फेकून देतात, असं तिने ऐकलं होतं. आणि आणली तरी पुरायची कुठे, तिला दारच नव्हतं.

वहिनींनी लगेच परसातली जागा देऊ केली, शेणखड्ड्यापलीकडची. आमच्यात तो विटाळ. तो घरापासून लांब नेतात. सुकमतीने नकारार्थी मान हलवली. वहिनी सोवळंओवळं काटेकोर पाळणाऱ्या होत्या. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. सकाळी तिथे त्यांनीच रांगोळी घातली होती. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"दारात तं दारात," त्या म्हणाल्या. "माह्या दारात जागा हाय. चाल आता."

सुकमतीने चौकट सोडली.

मुलगी झाली. अशक्त, पण रडणारी. तिथल्या सिस्टर वार द्यायला तयार होईनात, तसा नियम नाही म्हणाल्या. वहिनींनी आधी विनवणी केली, मग विचारलं, "तुमाले त्याची काय भाजी कराची हाय?" सिस्टरना हसू आवरेना. एका झाकणाच्या डब्यात वार घरी आली. उंबऱ्यासमोर सब्बलीने खड्डा मी केला. माती वहिनींनी लोटली, आणि वरून सारवून घेतलं.

गावात कुजबुज झाली. शेजारची सरूबाई तोंडावरच म्हणाली, की दारात विटाळ पुरलास, आता लक्ष्मी कोणत्या वाटेनं येईल? वहिनी शिंगाडे सोलत होत्या. "आजवरी तं दार साफच होतं," त्या म्हणाल्या. "किती डाव आली, सांग."

त्या हिवाळ्यानंतर आणखी काही जणींनी येऊन तीच जागा मागितली. वहिनींनी कुणालाही परसाकडे धाडलं नाही. सरूबाईने बरेच दिवस आमच्या दारातून आत पाय टाकला नाही. ती मागच्या भिंतीवरून हाक मारून विरजण मागे, आणि वहिनी तिथूनच देत.

वहिनींच्या तेराव्याला सुकमती भट्टीवरून मुलीला कडेवर घेऊन आली. मी तिला सांगितलं, आता घरात बाईमाणूस नाही, भट्टीवरच्या बायकांना इथे आणू नकोस. माझ्याच्याने काय होणार? तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि चूल पेटवली.

ती आता इथेच राहते, नवरा धान पाहतो. मागच्या खोलीत सध्या भट्टीवरच्या दोघी आहेत. एकीला नववा लागला आहे.