आवतनाचा तिसरा मानकरी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत वऱ्हाडातली माणसं थोडी बहकली होती. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या बसवल्या, कुणी बैलांच्या शिंगांना. वलगावच्या देवीदासानं मात्र राखणदार ठेवला.

देवीदास गाडीवान होता. घरात तो आणि विधवा थोरली बहीण माणिकबाई, गोठ्यात हरण्या आणि बाशिंग्या. माणिकबाई त्याला मुली दाखवून थकली होती. एकीचं नाक बसकं, दुसरी फार हसते, तिसरी हसतच नाही. शेवटी तिनं नाद सोडला.

अमरावतीचा कापूस भरून तो अकोल्याला नेई. वाटेवर लुटारू फार, म्हणून सहदेव आला. मेळघाटाकडचा हा माणूस उंच, कमी बोलणारा, पिवळसर डोळ्यांचा. तो बरोबर असला की चोर गाडीच्या आसपास फिरकत नसत. पण बैलही त्याला पाहून फुरफुरत, दावं ओढत. त्यामुळे त्या बिचाऱ्याला गाडीच्या बरंच मागून, वारा बघून चालावं लागे.

बैलांना सहदेव मुळीच आवडत नव्हता, आणि देवीदासाला तो फार आवडत होता.

एकदा बोरगावच्या मुक्कामाला दोघं एका फडक्यावर भाकर-ठेचा खात बसले होते. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात गेला आणि दोघांपैकी कुणीच तो मागं घेतला नाही. तेव्हा सहदेव म्हणाला, "एक सांगतो. अवसेच्या आदल्या सांजेले मी लांडगा होतो. फटफटलं का पुन्हा मानूस."

देवीदासानं तोंडातला घास गिळला. "बकऱ्या खातो?"

"नाई. मले कच्चं पचत नाई."

"मंग काय बिघडलं? आमच्या गावात काई लोक बारा महिने लांडगेच हायेत. त्याहीले कोनी काई म्हनत नाई."

सहदेव हसला, पण लगेच गंभीर झाला. "मानसाचं ठीक हाय. पन बैल? एखाद्या दिवशी बिथरतीन आन् गाडी तुह्याच अंगावर येईन. बैल तुह्या घराचं पोट हायेत. पोळ्यापावतर बैलाहीनं मले घेतलं तर ठीक, नाई तर मी जातो."

पावसाळ्यात गाड्या थांबल्या. सहदेव शेतातल्या झोपडीत राहिला. बैल काही त्याला घेईनात, आणि देवीदासाला जेवण जाईना.

पोळा आला. त्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकून त्यांना तूप-हळद चोळतात आणि कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. पोळा अवसेचा, म्हणजे आवतनाची सांज नेमकी सहदेवाची.

देवीदासाच्या डोक्यात एक युक्ती आली. जनावर वासानं ओळखतं, मग वासच एक करून टाकू. त्यानं बैलांचे खांदे चोळले आणि उरलेली वाटी घेऊन झोपडीवर गेला. तिथं एक मोठा करडा लांडगा शेपूट आत घेऊन लाजल्यासारखा बसला होता. देवीदासानं त्याला पळसाच्या पानानं मन लावून तूप-हळद चोळली आणि मागच्या दारानं गोठ्यात आणलं.

बैलांचे कान उभे राहिले. दावी ताणली. तेवढ्यात माणिकबाई आवतन द्यायला आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दिवेलागणीला तिला रंग तेवढे दिसत.

"हे वासरू कवा आनलं?"

"आजच, बाई."

तिनं पाठीवरून हात फिरवला. "वशिंड नाई, शिंगं नाई, नुसते केसच केस. फसवलं तुले कोनी."

मग ती हरण्याच्या कानाशी वाकली, बाशिंग्याच्या कानाशी वाकली, आणि तिसऱ्याच्याही कानाशी. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तिच्या हातचा चारा खाऊन वाढलेले ते बैल. तो आवाज ऐकून त्यांची दावी सैल झाली. बाशिंग्यानं मान लांबवून लांडग्याच्या खांद्यावरचं तूप हुंगलं आणि चाटलं. हरण्यानं दुसरा खांदा घेतला. लांडग्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी माणिकबाईनं पुरणपोळीची तीन ताटं वाढली.

"वासरू कुठं हाय?"

"ते गेलं, बाई."

"आवतन देल्यावर ताट मांगं फिरत नाई. घराले दोष लागते. आन त्याले."

देवीदासानं सहदेवाला आणून अंगणात उभं केलं. बैल त्याच्याकडे बघत शांतपणे रवंथ करत राहिले. बाईनं उन्हात जवळ येऊन न्याहाळलं. त्याच्या उघड्या खांद्यांवर पिवळी हळद होती. घासून घासून कातडं लाल झालं, तरी ती निघाली नव्हती. मग तिनं भावाकडे पाहिलं. त्याचे कानसुद्धा लाल झाले होते.

"म्हनून तुले मुली पसंत पडत नव्हत्या," ती म्हणाली आणि ताट सहदेवापुढं सरकवलं. "जेव, बापू. आमच्या गोठ्याचं आवतन घेतलं, आता कुठं जासीन?"

सहदेव गेला नाही. त्या हिवाळ्यात तो देवीदासाच्या शेजारी, गाडीवर बसून अकोल्याला गेला. दर पोळ्याच्या आदल्या सांजेला माणिकबाई तीन कानांत आवतन देई, आणि तिसऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवून हटकून विचारी, "काहून रे, शिंगं अजून नाई फुटली?"