चौथा कोपरा

तीन वाजता अमरावतीहून गाडी येणार होती आणि लेझरचं मशीन उचलून नेणार होती. दुर्गाबाईंच्या हातात साडेचार तास होते. मशीन गेलं की या वयात अकोल्यात त्यांना दुसरं काम मिळणार नव्हतं. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वीस वर्षं त्यांनी एका प्रेसिंग कारखान्यात पत्र्यावर छन्नीने अक्षरं कापली, कापसाच्या गठाणींवर नाव-नंबर रंगवायचे साचे. 'ब'चं पोट कापताना मधला तुकडा गळून पडू नये म्हणून टेका कुठे ठेवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. मग उजव्या हाताला कंप सुटला आणि कारखान्याने नारळ दिला. नावांच्या पाट्या बनवणाऱ्या सरफराजने चार वर्षांपूर्वी त्यांना आपल्या शेडमध्ये या मशीनवर बसवलं. हात थरथरला तरी बटण दाबता येतं.

आता दहा दिवस झाले, मशीन तीन कोपऱ्यांत बरं कापे आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात लाकडाच्या शीटवर नुसते चरे पाडी. नागपूरच्या मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, ट्यूब गेली. सरफराज वैतागला होता. त्याने अमरावतीच्या एका ट्रॉफीवाल्याला मशीन देऊन टाकायची जबान दिली.

"ट्यूब गेली असती तं चारही कोपऱ्यात गेली असती," दुर्गाबाई म्हणाल्या. "ते काय जावई आहे, एकाच खोलीत रुसून बसाले?"

"मावशी, तो शिकलेला माणूस आहे."

"त्यानं मशीन पायलं का? फोनवर तं मीबी डॉक्टर आहो."

"पाहा मंग तीन वाजेपर्यंत. माहं काय जाते?"

या मशीनमध्ये ट्यूबमधून निघालेला किरण तीन आरशांवरून वळत कापायच्या तोंडाशी पोचतो. पहिला आरसा जागचा हलत नाही. दुसरा दांडीबरोबर मागेपुढे जातो, तिसरा तोंडाबरोबर डावीउजवीकडे. आरशासमोर कागदी चिकटपट्टी लावायची, बटण क्षणभर दाबायचं, की पट्टीवर करपलेला ठिपका पडतो. आरसा जवळ असो की लांब, ठिपका एकाच जागी पडला पाहिजे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि तपासणी करायची झाकण उघडं ठेवून. चुकला तर तो कुणाला लागेल याचा नेम नाही.

"तिसऱ्या आरशाचे स्क्रू कोनं फिरवले?"

सरफराज मोबाइलमध्ये पाहू लागला.

"शेंडा पिरगाळून झाड सरळ होते का, भाऊ? ट्यूबपासून पाहत या लागते."

पहिला आरसा ठीक निघाला. दुसऱ्याचा ठिपका जवळून बरोबर, लांबून खाली घसरलेला. दुर्गाबाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि स्क्रू केसभर फिरवला. केसभर फिरवायचा होता, जरा जास्तच फिरला.

"चष्मा लाव. अन् दूर हो."

बटण दाबलं. पट्टी कोरी. किरण सुटला होता, पण लागला कुठे? दोघंही इकडेतिकडे पाहू लागली. मग जळका वास आला. भिंतीशी ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून धुराची बारीक रेघ निघत होती, सरफराजच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

त्याने खोकं पायाने चिरडलं. "राहू द्या मावशी. मले लेकरं आहेत."

"मलेबी आहेत. मांगं हो."

दीड वाजेपर्यंत तीन कोपरे जुळले. चौथा जुळवला तर पहिला बिघडे, पहिला सावरला तर चौथा हातचा जाई. तीनदा असं झाल्यावर त्यांनी स्क्रूवरचा हात काढला. आरसे आपलं काम करत होते, ते ज्यावर बसले होते तेच वाकडं असणार. एक पाय खड्ड्यात गेला की सबंध बाज मुरडते, तसं. त्यांनी शिवायचा दोरा काढला आणि मशीनच्या चौकटीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून बांधला, त्यावर फुली होईल असा दुसरा. मधोमध दोन दोरे एकमेकांना टेकायला हवे होते. मध्ये ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट होती.

त्या पुढच्या उजव्या पायाशी उकिडव्या बसल्या. फरशी ओली होती आणि उचलली गेली होती. वर खिडकीत कूलर ठिबकत होता.

भातकुलीच्या माहेरी काळ्या मातीवरच्या घरात त्या वाढल्या होत्या. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वरच्या भिंतीला भेग पाडते, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. आणि एप्रिलात 'कूलर नाही तं मी नाही' म्हणून अडून बसलेल्या त्याच. रोज सकाळी बादलीने तो भरत त्याच, कंप सुटलेल्या हाताने, अर्धं पाणी खाली सांडत.

पावणेतीन झाले होते.

"गप कावून झाल्या, मावशी?"

पायाचा बोल्ट फिरवून कोपरा खाली घेता आला असता, कूलर गुपचूप बंद करता आला असता. कुणाला कळलं नसतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"भाऊ, मशीन माह्याच हातानं बिघडलं," त्या म्हणाल्या, आणि मग कूलर, बादली, माती, सगळं सांगून टाकलं.

सरफराजने फरशीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग कूलर बंद करून पाना घेऊन आला.

बोल्ट गंजून बसला होता. बाहेर हॉर्न वाजला. सरफराज पान्यावर जवळजवळ उभाच राहिला तेव्हा करकरत तो हलला. वरचा दोरा अलगद खाली आला आणि खालच्याला टेकला. आता सकाळपासून फिरवलेले सगळे स्क्रू पुन्हा लावायचे होते.

गाडीवाला दारात येऊन उभा राहिला. "उचलाचं का?"

"तिथंच थांब. डोळे जातीन."

पट्टी, बटण, ठिपका. पट्टी, बटण, ठिपका. पंखा नाही, कूलर नाही, घाम चष्म्याच्या आत उतरत होता. चारही कोपऱ्यांत ठिपक्यावर ठिपका बसला तेव्हा त्यांनी आधीच्या तीन चांगल्या कोपऱ्यांवर नाही, सरळ चौथ्यावर लाकडाचं शीट ठेवलं आणि झाकण लावून एक चौकोन कापायला सोडला. मशीन थांबलं. त्यांनी शीट उचललं. चौकोन खालीच राहिला.

सरफराजने अमरावतीला फोन लावला. "हो, जबान दिली होती. द्या शिव्या, आयकतो मी." बराच वेळ त्याने ऐकल्या. मग गाडीवाल्याला पाणी पाजून परत पाठवलं.

"आता पक्कं ना, मावशी?"

"कायचं पक्कं? माती वाळली की कोपरा बसन. रोज चारही कोपरे पाहा लागतीन."

"किती दिवस?"

"वाळंस्तोर. मंग पावसाळा लागतेच."

"कूलर नाही लावत मी आता."

"नोको लावू."

"मंग उद्या नऊले या. दहाले नाही."

"साडेआठले येतो," दुर्गाबाई म्हणाल्या. "ऊन तापलं की ठिपका सरकते."