खंडेनवमीच्या तोंडावर गिझर

मला यंत्रांतलं काही कळत नाही, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको नंदा. म्हणजे ‘सगळे’ म्हणजे नंदा. पण ती एकटी चौघांना पुरून उरते, म्हणून सगळे म्हटलं.

तर गेल्या वर्षी नवरात्रात नंदाचे वडील, म्हणजे माझे सासरे, जयसिंगपूरहून आमच्याकडे राजारामपुरीत यायचे होते. मी त्यांना मामा म्हणतो, नंदा अप्पा. सासूबाई गेल्यापासून ते त्या मोठ्या घरात एकटेच राहायचे, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे आणि फोनवर "ब्येस हाय" एवढंच सांगायचे. नंदाचा जीव त्यांच्यात अडकलेला. निदान थंडी संपेपर्यंत अप्पांनी इथं राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण मामांचा एक नियम होता. लेकीच्या घरी दोन रात्री, तिसऱ्या दिवशी एस्टी. लेकीच्या घरी बाप ओझं होऊन राहत नाही, असं ते इतक्या ठामपणे म्हणायचे की नंदा नुसती भांडी जोरात आपटायची.

"ह्या खेपेला त्यांना कशाचीही गैरसोय व्हायला नको," ती म्हणाली. "पहाटे त्यांना कडकडीत पाणी लागतं. आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही, पूजा झाल्याशिवाय पोटात घास नाही, आणि घास गेल्याशिवाय साखरेची गोळी नाही. बाकी सगळं मी बघते. तुम्ही तेवढा गिझर बघा."

गिझरचं वार्षिक सर्व्हिसिंग आमच्याकडे दरवर्षी ठरतं. होत नाही. या वेळी मात्र मी ताबडतोब फोन लावला आणि उलट आलेला मेसेज नंदाला मोठ्यानं वाचून दाखवला. तंत्रज्ञ वेळेवर येईल, टाकीतले क्षार काढेल, कॉईल तपासेल, व्हॉल्व्ह बघेल, आणि आपल्याला काहीही करावं लागणार नाही.

"शेवटचं वाक्य तेवढं पाळा," नंदा म्हणाली.

अष्टमीला दुपारी मेकॅनिक आला. गिझर भिंतीवरून उतरवून त्यानं त्याचं पोट उघडलं आणि आतून पांढऱ्या खड्यांची बादली भरली. बोअरचं पाणी आणि माझा आळस, दोन्ही त्यात थरावर थर बसलेले दिसत होते.

"सायेब, ह्याला कधी उघडलंच न्हाय व्हय?"

"नाही. चांगला चालत होता."

"चालत न्हवता, सोसत हुता," तो म्हणाला. मग त्यानं आतला रबर दाखवला. तो हातात घेताच तुटला. "नवा घालाय पायजे. उद्या सकाळी पयला तुमच्याकडं येतो." आणि गिझर न्हाणीघराच्या कोपऱ्यात उघडाच ठेवून तो गेला. मीही ‘बरं’ म्हणालो. उद्या कुठला दिवस आहे, हे त्याला आठवलं नाही आणि मला आठवलं ते भलत्याच कारणासाठी.

संध्याकाळी मामा आले. हातात एक पिशवी आणि खांद्यावर पूजेसाठी दोन लांबलचक ऊस. (एस्टीत त्या उसांनी किती जणांच्या टोप्या पाडल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.) आणि मला वाटलं, दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. मामा रीतीभातीचे. जावई काय चीज आहे, हे दाखवायची ही संधी.

पहाटे उठून मी थंड पाण्यानं आंघोळ केली. (किंकाळी तोंडात टॉवेल कोंबून मारली.) मग पाट मांडला आणि घरातलं दिसेल ते हत्यार त्यावर ठेवलं. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडा, विळी, सुरी, कात्री, मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉडसुद्धा. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू. बाजूला मामांचे ऊस उभे केले.

"विळी कशाला? मी भाजी कशानं चिरू?" नंदा म्हणाली.

"पालेभाजी तोडून कर," मी म्हणालो आणि मामांना ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं, "आता उद्या सोनं लुटून येईपर्यंत यातल्या एकाही वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

मामा खांद्यावर पंचा टाकून खुर्चीत बसले होते. त्यांनी मान डोलावली. "लई रीतीचं घर हाय," ते म्हणाले. माझी छाती सदऱ्यात मावेना.

सहा वाजले, सात वाजले. मामा पंच्यासकट बसलेलेच. "मेकॅनिक निघालाय," मी दर थोड्या वेळानं सांगत होतो. आठला फोन लावला.

"आज कसं येणार, सायेब?" तो म्हणाला. "खंडेनवमी न्हवं का? माझी सगळी हत्यारं पूजंला बसल्यात. आई पाटाम्होरं बसून ऱ्हायलीय, हात लावू देत न्हाय. आता दसरा झाल्यावरच की."

मी फोन ठेवला. मीही तेच करून बसलो होतो.

"मी गॅसवर पातेलं ठेवते," नंदा म्हणाली. तिनं ते ठेवलंही. गोष्ट इथंच संपली असती. पण सकाळपासून ‘रीतीचं घर’ माझ्या डोक्यात चढलं होतं. एकच काम दिलेलं, आणि तेही पातेल्यावर निभावायचं? रबर नसला तर नसला, निदान गिझर कसा जोडलेला असतो ते तरी बघावं, म्हणून मी न्हाणीघरात शिरलो. भिंतीतून पाणी येतं तिथं एक जुना कॉक होता. मेकॅनिकनं तो बंद केला होता, पण थेंबथेंब गळत होता. हत्यार वापरायचं नाही, म्हणून मी तो मुठीत धरून पिळला. जरा हलला. मला वाटलं, जमलं. मग तो सगळाच्या सगळा माझ्या हातात आला.

भिंतीतून पाण्याचा जो झोत सुटला, तो माझ्या छातीवर बसला आणि मी उघड्या गिझरच्या शेजारी जाऊन बसलो. नंदा धावत आली. तिनं झोताखाली बादली लावली, ती भरली, मग घागर, मग कुकर. मी गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला पळालो. तो गंजून घट्ट बसलेला. (त्याचंही वार्षिक सर्व्हिसिंग दरवर्षी ठरतं.) खाली आलो तर पाणी बाहेरच्या खोलीत पोचलेलं.

"अहो, पाना घ्या नि व्हॉल्व्ह फिरवा!"

पाना समोर होता. हळद-कुंकू लावलेला, झेंडू खोचलेला. आणि पलीकडं मामा.

"पूजेतलं हत्यार उचलायचं नाही," मी म्हणालो. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून म्हणालो. नंदानं माझ्याकडं जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

मामा उठले. त्यांनी धोतर खोचलं, न्हाणीघरात गेले आणि भिंतीतल्या भोकावर अंगठा दाबून धरला. पाणी तिथल्या तिथं अर्धं झालं.

"जावई पावणं, ऊस आणा."

उपाशीपोटी साखर कमी होऊन म्हातारा बरळतोय, असं मला वाटलं. पण आणला.

"एक कांडं मोडा. सोला. ह्या भोकात बसंल आसं बारीक करा."

"सुरी पूजेत आहे, मामा."

"दात पूजंत हायत काय?"

मग मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून दातांनी ऊस सोलला. ओल्या सदऱ्यात, हनुवटीवरून रस गळत. मधेच सवयीनं एक घास चावून टाकला, तर मामा म्हणाले, "पावणं, खायाचा न्हाई. पाचर हाय ती." ती पाचर त्यांनी भोकात बसवली आणि स्वयंपाकघरातला वरवंटा मागून घेऊन दोन दणके हाणले. (वरवंटा पूजेत ठेवायचा माझ्या लक्षातून राहिला होता, म्हणून घर वाचलं.) पाणी थांबलं.

मामांनी ओला अंगठा पंच्याला पुसला. "आता सांगा. पाना का न्हाई उचलला?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून."

"आमची हिरीवरची मोटार खंडेनवमीला बंद पडली तर आमी काय ऊस वाळवत बसतो व्हय? द्येवाला सांगायचं, हात जोडायचं नि पाना उचलायचा. द्येव काय पाना घिऊन पळून चाललाय?"

त्यानंतर घरातली सगळी सूत्रं त्यांच्याकडे गेली. भरलेल्या भांड्यांतलं पाणी पातेल्या-पातेल्यानं तापवायला लावलं. मला खराटा दिला. मी पाणी लोटत असताना, "असं न्हवं, दाराकडं," असं खुर्चीतून सांगत राहिले. साडेनवाला त्यांची आंघोळ झाली, पूजा झाली, आणि कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते जेवायला बसले, तेव्हा नंदा मोरीपाशी पाठमोरी उभी होती. मला तिचं तोंड बघायचं धाडस झालं नाही. एवढ्या आशेनं तिनं त्यांना बोलावलं होतं, आणि मी त्यांना उपाशी ठेवून प्लंबर बनवलं होतं. मला खरोखर लाज वाटली. आता हे पुन्हा कशाला येतात, असंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. जेवणं झाल्यावर नंदानं एस्टीत खायला चटणी-भाकरी बांधली. मामांची पिशवी दाराशी. आणि मामा तिच्यातून एकेक धोतर काढून कपाटात ठेवत होते. मग ते नंदाशी कानडीत बराच वेळ बोलले. माझं कानडी ‘वाढा’ आणि ‘पुरे’ यापुढं जात नाही, पण बोलताना ते मधेमधे माझ्याकडं बोट करत होते. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, नंदव्वा, मला वाटत होतं इथं माझा काही उपयोग नाही. पण ह्या माणसाच्या भरवशावर तुला सोडून मी आता कसा जाऊ?"

मामा त्या दिवसापासून आमच्याकडेच आहेत. दसऱ्यानंतर मेकॅनिक आला, त्यानं उसाची पाचर काढली, नवा कॉक आणि रबर बसवला आणि गिझर चालू झाला. तेव्हापासून घरात सगळं नीट चालतं, आणि नेमकी हीच नंदाची काळजी आहे. थंडी संपली, उन्हाळा गेला, मधूनच मामा म्हणतात, "आता तुमचं बरं चाललंय, मी येतो जाऊन गावाकडं." असं ते म्हणाले, की नंदा उठते, माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देते आणि मला न्हाणीघरात पाठवते.