राणी गप्प का बसली? मोकाशी सरांची एक शंका

मोकाशी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पनवेलच्या आमच्या वाचनालयात, माझ्या टेबलासमोर. पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, बगलेत दोनशे पानी वही. पुस्तक मागायचं सोडून त्यांनी विचारलं, "तुम्ही उरणच्या ना? घरी कोणी समुद्रावर जातं का?" मी तेव्हा नोकरीत नवी आणि तोंडानं तिखट. म्हटलं, "का हो, पापलेट हवंय का?" सर जराही रागावले नाहीत. म्हणाले, "नाही, एक शंका आहे. नऊ दिवस सुकाणूवर जागलेला नाखवा गावातला धूर दिसायला लागल्यावर झोपेल का?"

कुठला नाखवा, कसला धूर, मला काही कळेना. मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. प्राचीन ग्रीकांचं एक महाकाव्य आहे. दहा वर्षं युद्ध करून एक राजा घरी निघतो आणि घर गाठायला त्याला आणखी दहा वर्षं लागतात. सर त्या काव्याचं मराठी करत होते. त्यात एकदा घर अगदी नजरेच्या टप्प्यात येतं आणि नेमकी तेव्हाच राजाला झोप लागते. "वाचताना खोटं वाटतं हो," सर म्हणाले. मी घरी जाऊन बाबांना विचारलं. बाबा जाळं विणता विणता हसले. "झोपंल नाय तर काय! घर दिसलं का मानूस ढिला होतो. आमी दोनदा खडकावर गेलोय तसं." हे सांगितल्यावर सरांनी टाळी वाजवली. चक्क वाचनालयात!

सरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर एकट्यानं ग्रीक शिकून घेतलं. त्यांच्या विद्वत्तेवर पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलंच असेल. मला त्यांची कामाची पद्धत ठाऊक आहे. ज्या कामाचा उल्लेख ओळीत येतो, ते काम करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय सर ती ओळ मराठीत आणत नाहीत. मुळासकटच्या जिवंत झाडाचा खुंट धरून राजानं पलंग केला, असं काव्यात आहे. सर ते घेऊन एका सुताराकडे गेले. सुतार म्हणाला, "झाड जिवंत असेल तर खोड जाड होत जाणार, साहेब. पलंग चिरणार." त्या एका वाक्यापायी सरांनी दोन महिने घालवले. बाबांच्या होडीतूनही ते गेले होते. खाडी ओलांडायच्या आत तीन वेळा ओकले, आणि ओकून झाल्यावर तेही वहीत लिहून ठेवलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सरांचा मोठेपणा मला तिथं कळला.

माझे यजमान शिपवर खलाशी आहेत. एका खेपेला जहाजाच्या मालकानं हात वर केले आणि परक्या बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर सगळी माणसं अडकून पडली. चौदा महिने! त्या काळात दर सोमवारी सर वाचनालयात येऊन माझ्यासाठी इंग्रजीत पत्र लिहीत, कधी या कार्यालयाला, कधी त्या. उत्तर आलं नाही की म्हणत, "पत्ता बदलून बघू." एकदाही त्यांनी मला "धीर धरा" असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

यजमान सुटून आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. अख्खी आळी दारात, मी कधी रडते याची वाट बघत. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि तोंडातून शब्दच फुटेना. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. "जेवलात का?" यापुढे आमचं बोलणं जाईना. बायका कुजबुजायला लागल्या. आमचा संसार आता संपला, अशी माझी खात्री होत चालली होती.

चौथ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. आळीतली कुजबुज त्यांच्याही कानावर गेली असावी. यजमान धक्क्यावर गेले होते. सर बराच वेळ चुळबुळत राहिले, मग म्हणाले, "तुम्हाला राग येईल. पण माझं सगळं काम एका जागी अडलंय. राजा वीस वर्षांनी घरी येतो आणि राणी त्याच्यासमोर नुसती गप्प बसते. पंडित म्हणतात, तिला ओळख पटत नाही. मला ते पुरेसं वाटत नाही. तुम्ही का गप्प आहात?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर दार दाखवलं असतं. पण सरांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कुणालाही न सांगितलेलं त्यांना सांगितलं. निघायच्या दिवशी माझ्या नोकरीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात मी म्हटलं होतं, "मग येऊच नका परत." चौदा महिने मी तेच वाक्य गिळत होते. यांना ते आठवत असेल तर कोणत्या तोंडानं बोलू?

सरांचे डोळे चमकले. "म्हणजे राणीही निघताना काही बोलली असेल! मूळ काव्यात तसं नाही, पण..." आणि एकदम ओशाळले. "माफ करा. मी फार स्वार्थी माणूस आहे." किती दिवसांनी मला हसू आलं! मग ते हळूच म्हणाले, "पण त्यांना ते आठवतंय का, हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? विचारून तर बघा."

संध्याकाळी यजमान मोरीत पाय धूत होते. मी विचारलं, "जाताना मी काय बोलले, आठवतंय?"

"आठवतंय ना. येऊ नका बोललीस." ते पाय धूतच राहिले. "तिकडं सगळी मानसं घरचं आठवून रडायची. मी बोललो, मला रडायला टाईम नाय. भांडण अर्धं ठेवून आलोय, ते पुरं करायला जायचं हाय."

मग मी अशी रडले, की सासूबाई आतून धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. म्हटलं, "लिहा हे, तुमच्या उपयोगी पडेल." सर म्हणाले, "नको. हे तुमचं आहे. त्या राणीचं तिचं तिच्यापाशी असेल." ती ओळ त्यांनी मराठीत आणली, पण पदरचा एक शब्दही घातला नाही. राणी समोर बसली आणि गप्प राहिली, एवढंच तिथं आहे. मी ती अनेकदा वाचली आहे.

सरांना यंदा पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, डोळे साथ देवोत आणि शंका कधीही न संपोत, एवढंच देवाकडे मागते. भाषांतर होऊनही ते हस्तलिखित छापायला देत नाहीत, याचा मात्र मला राग आहे. मागच्या महिन्यात यजमान पुन्हा शिपवर गेले. निघताना मी मुद्दाम भांडले. सरांशीही पंचाहत्तरीच्या समारंभात कडाडून भांडायचं मी ठरवलं आहे, आणि भांडण अर्धंच सोडायचं.