गोल कोठाराच्या सावलीत

मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या सुतारी वर्कशॉपमधून आम्हा दोघांना डोंगरातल्या एका गावी पाठवलं होतं. अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या, म्हाताऱ्या काकांचं तिथं पणजोबांच्या वेळचं कोठार होतं. दगडमातीचं, आणि चक्क गोल. आमच्याकडच्या कणगीसारखं, पण खजूर आणि चारा ठेवून शिवाय आत माणसं फिरतील एवढं. छपराचे वासे वाळवीनं खाल्ले होते, ते बदलायचे होते. चौकोनी छप्पर मी डोळे मिटून घालीन. इथं प्रत्येक वासा मधल्या खांबाकडे वळवायचा म्हणजे डोक्याला ताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर धाकट्या भावाचा फोन आला. आई गेली. "तू धावत येऊ नको. तू पोचेपर्यंत सगळं उरकेल," म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि करवत उचलली. रडू आलं नाही. माझा जोडीदार रत्नागिरीकडचा, वयानं मोठा, त्याला मी चाचा म्हणायचो. तो वर शिडीवर होता. त्यालाही सांगितलं नाही. सांगून तो तरी काय करणार? लाकूड कापत राहिलो. सगळी मापं बरोबर येत होती, याचाच मला राग आला.

दुपारी म्हाताऱ्यांनी कोठाराच्या सावलीत चटई टाकली, हलवा ठेवला आणि छोट्या पेल्यात कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतून दिला. सुतकात दुसऱ्याच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं. मी पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला.

म्हातारे बोलायचे थांबले. चाचानं मला कोपरानं ढोसलं.

"अरे, कहवा न पिता खाली ठेवलास तर तुला कायतरी मागायचं हाय, असं समजतात हे लोक. आता तू मागेपर्यंत ते बघत बसतील. काय व्हया ता सांग."

मला मागायचं काहीच नव्हतं. दोघं माझ्याकडे बघत होते. तोंडातून आपोआप निघालं, "आईकडे जायचंय."

चाचानं अरबीत सांगितलं. म्हातारे हसले, माझा गुडघा थोपटला. अर्बाबला ते स्वतः फोन करणार होते. छप्पर थांबेल, मी उद्याच निघायचं. खलास. मग त्यांनी पेला उचलून माझ्या हातात दिला आणि आणखी काहीतरी बोलले.

"म्हणतात, आईला माझा सलाम सांग," चाचा म्हणाला.

"सांगेन," म्हणालो आणि कहवा पिऊन टाकला.