बाबी तांडेलाचा सिनेमातला वाटा

विषय : श्री. बाबी तांडेल, राहणार आमचा गाव, यांना सिनेमातील वाटा मिळण्याबाबत.

मी तेव्हा कचेरीत कारकून. अर्ज मीच लिहून दिला, म्हणून हकिगत मला ठाऊक. कचेरीतल्या अर्जाला मागाहून कागद जोडत जातात, तसे याला किस्से चिकटत गेले.

*

पुढे ज्यांच्या नावावर थिएटरबाहेर रांगा लागल्या, ते दिग्दर्शक तेव्हा हडकुळे, अनोळखी होते. पन्नासच्या दशकात छोटा सिनेमा काढायला आमच्या किनाऱ्यावर आले. तिपाईवरचा कॅमेरा बघून गाव समजला, जमीनमोजणी आली! दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापली पुढे सरकवलेली कुंपणं मुकाट्याने मागे घेतली.

*

देवळाच्या मानकऱ्यांनी, गावकारांनी, बजावले, "देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय मशीन फिरूचा नाय."

घातले. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मग दिग्दर्शक ओरडले, "ॲक्शन!"

गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

दिवसभर हेच. आवाज मुंबईत भरायचे ठरले.

*

बाबीला काम बुडून मेलेल्याचे. वाळूवर निपचित पडला होता. कॅमेरा सुरू असतानाच बायको पेजेचा टोप घेऊन आली.

"मराचा आसा तर पेज खावन मर!"

मृताने उठून पेज प्यायली.

*

शेवटी रापण, म्हणजे समुद्रात टाकलेले मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढायचा सीन. रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीत वाटा, हा आमचा रिवाज. दिग्दर्शकांनी हौसेने दोर धरला, त्यांनाही बांगडे मिळाले. बाबीने तिथेच गाठले.

"तुमी आमच्या रापणीक हात लावलात, तुमका वाटो गावलो. आमी तुमच्या पिच्चराक हात लावलो, आमचो वाटो खंय?"

"पहिला खेळ तुमच्या देवळासमोर!" दिग्दर्शक म्हणाले.

*

खेळ झाला नाही. दिग्दर्शक मोठे झाले. मुलाखतीत आपला पहिला सिनेमा म्हणून भलताच सांगू लागले. बाबी कचेरीत आला.

"भाऊ, अर्ज लिवा. शिरोड्याचे व्याही माका फेकाडो म्हणतत. पडद्यार एकदा मेलेलो दिसाक होयो!"

मी लिहिला. 'रापण' आणि 'वाटा' हे शब्द वाचून आमच्या साहेबांनी तो मासळीच्या कचेरीकडे धाडला. तिथून विचारणा आली : 'सदर माल ताजा की सुकवलेला?'

बाबीने बराच विचार करून उत्तर सांगितले, "बगल्याशिवाय कसा सांगू?"

तसे कळवले. मी निवृत्त झालो. अर्ज प्रलंबित आहे.