एकवीस पट्ट्या

आनंदा टेलर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत ट्रेकचे बूट घासत होतो. पहाटे झोपेतच गेला, त्याचा मुलगा सांगत होता. मी बूट तसाच हातात धरून उभा राहिलो. आदल्या संध्याकाळी तर मंगळवार पेठेतल्या त्याच्या दुकानात आम्ही चहा घेतला होता… काही बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

चंदगडच्या डोंगरात तीन धबधबे गाठणारा एक फेरा आहे. एका अंगानं चढायचं, दुसऱ्या अंगानं उतरायचं, मध्ये तीनदा ओढा ओलांडायचा. हा फेरा आनंदा टेलरनंच शोधला आणि वीस-बावीस वर्षं आम्हाला त्यावरून फिरवलं. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून त्यानं ब्लाउजपीसच्या कातरणांतून एकवीस लाल पट्ट्या शिवल्या होत्या. पुढच्यानं झाडांना बांधत जायचं, शेवटच्यानं सोडत यायचं. खाली आल्यावर एसटीच्या थांब्यावर तो त्या मोजायचा आणि एक जरी कमी भरली तरी माणसाला परत पाठवायचा. "राहिली एखादी तर काय बिघडतंय?" असं मी एकदा चिडून म्हटलं, तर माझ्यावरच उखडला. "आज पाणी गुडघ्याएवढं हाय म्हणून इथनं उतरलो. उद्या छातीएवढं असंल. कुणी पावण्यानं पट्टी बघून पाय टाकला म्हंजे?"

यंदा मशीन मारून मारून त्याचा गुडघा गेला होता. ओढ्यात त्याला धरायला दोन माणसं लागली असती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आनंदा, तू आता खालीच थांब." हे त्याला बाजूला घेऊनही सांगता आलं असतं. तो हसला, पट्ट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शेवटाला तू ऱ्हा मग."

उतरताना पाऊस वाढला. तिसऱ्या ओढ्याजवळच्या गाठी भिजून आवळल्या होत्या, बोटं बधिर झाली होती, पायाला जळवा, आणि शेवटची एसटी चुकायची धास्ती. चार पट्ट्या मी झाडांना तशाच ठेवल्या. थांब्यावर आनंदा छत्री धरून उभा होता.

"सगळ्या आल्या न्हवं?"

"व्हय की."

त्यानं पिशवी उघडलीसुद्धा नाही. "तू म्हणालास म्हंजे झालं," म्हणाला आणि एसटीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरली.

बाराव्यानंतर वहिनींनी ती पिशवी माझ्यापुढं ठेवली. "तुमी आल्यावर चारच दिसांनी हे एकटंच गेलतं चंदगडाला. गुडघा दुखतोय, कशाला जाताय म्हटलं, तर म्हणालं, चार टाकं उसवल्यात, घालून येतो."

मी तिथंच बसून मोजल्या. एकवीस. त्यातल्या चार चिखलानं माखलेल्या, गाठीजवळ कात्रीनं सरळ कापलेल्या. त्या गुडघ्यानं, कुणी धरायला नसताना, माझ्या एका खोट्यापायी आनंदा त्या ओढ्यात उतरला होता. त्यानंतर आठवडाभर रोज चहा पाजत राहिला, एका शब्दानं बोलला नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा म्हणतो, त्या दगदगीचा आणि जाण्याचा संबंध नाही. पटवून घ्यावंसं वाटतं… पटत नाही.

पिशवी आता माझ्या दारामागच्या खुंटीला असते. कापल्यामुळं त्या चार पट्ट्या तोकड्या झाल्यात, झाडाला पुरत नाहीत. परवा त्यांना जोड द्यायला सुई घेऊन बसलो. टाका वाकडातिकडा आला. दुकान उघडं असतं, तर "आण इकडं" म्हणत आनंदानं तो उसवला असता.